वर्ग आणि बाजार : सूक्ष्मलक्ष्यी अर्थशास्त्राचा उच्च अभ्यास



बंगळूरहून म्हैसूरच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर गेले की रामनगर लागते. भोवतालच्या उघड्या, प्रचंड खडकांत ‘शोले’ या चित्रपटाचे चित्रीकरण झाले, एवढीच या गावाची ओळख पुष्कळांना असते. मराठवाड्यातील रेशीम-उत्पादक शेतकऱ्याला मात्र हे गाव निराळ्या कारणाने ठाऊक आहे. येथे रेशीमकोषांची सरकारी बाजारपेठ असून ती आशियातील सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाते. जालना येथे २०१८ साली कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तोपर्यंत महाराष्ट्रातील कितीतरी शेतकरी शेकडो किलोमीटरांचा प्रवास करून आपले कोष येथे घेऊन येत. भाषा परकी, गाव परके आणि माल असा की जो फार दिवस थांबू शकत नाही. अशा स्थितीत महिनाभराच्या कष्टाचे मोल येथील एका बोलीवर ठरत असे.

बंगळूरमध्येच, ज्ञानभारतीच्या परिसरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणारी अर्थशास्त्राची उच्च शिक्षणसंस्था कर्नाटक शासनाने २०१७ साली उभी केली. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ साली स्थापन केलेली सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था तिच्यापासून फार दूर नाही. भारतीय विज्ञान संस्थेत तर संगणकशास्त्राच्या विभागात खेळ-सिद्धान्ताचे अध्यापन होते, आणि तेथील प्राध्यापक वाय. नरहरी यांचा या विषयावरील विस्तृत ग्रंथ २०१४ साली प्रसिद्ध झालेला आहे. अशा संस्थांतून पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी सूक्ष्मलक्ष्यी अर्थशास्त्राचा उच्च सिद्धान्त शिकतो. त्याच्यासमोरच्या फळ्यावर संच असतात, फलने असतात, प्रमेये असतात. रामनगरच्या बाजारात कोषांच्या राशी असतात आणि त्यांत हात घालून पारख करणारे रीलर, म्हणजे कोषांपासून धागा काढणारे कारखानदार, असतात. या दोन ठिकाणांमध्ये तासाभराचे अंतर आहे. ते अंतर विद्यार्थ्याच्या मनात कितपत तुटते, यावर त्याच्या अभ्यासाचे सार्थक अवलंबून आहे.

प्रथम या अभ्यासाचे स्वरूप पाहू. पदवीपरीक्षेपर्यंत विद्यार्थ्याला मागणीचा वक्र, पुरवठ्याचा वक्र आणि त्यांचा छेदनबिंदू यांची ओळख झालेली असते. पूर्ण स्पर्धेत किंमत कशी ठरते, मक्तेदार उत्पादन का घटवितो, हे त्याने आकृत्यांच्या साहाय्याने शिकलेले असते. पदव्युत्तर वर्गात प्रवेश करताच आकृत्या मागे पडतात. उपभोक्त्याची पसंती सुसंगत आहे म्हणजे नेमके काय, मागणी किंमतीनुसार खंड न पडता बदलते असे केव्हा म्हणता येईल, सर्व बाजारांत एकाच वेळी समतोल साधणाऱ्या किंमती असू शकतात काय, असे प्रश्न पुढे येतात. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे काटेकोर उत्तर ॲरो आणि डेब्रू यांनी १९५४ साली दिले. त्यानंतर अनिश्चितता, खेळ-सिद्धान्त, माहितीची विषमता आणि व्यवहारांच्या नियमांची रचना हे विषय क्रमाने येतात.

पुष्कळ विद्यार्थी या उंबरठ्यावर अडखळतात. प्रादेशिक भाषेतून शिकून आलेल्याला इंग्रजीचे आणि गणिताचे असे दोन डोंगर एकदमच चढावे लागतात. त्यावर तो एक सोपा उपाय शोधून काढतो. सिद्धता पाठ करावयाची, निष्कर्ष लक्षात ठेवावयाचा आणि प्रमेयाच्या आरंभी लिहिलेल्या अटी परीक्षेपुरत्या उतरवून काढावयाच्या. वस्तुतः उच्च सिद्धान्ताचे सारे सामर्थ्य त्या अटींत असते. स्पर्धेमुळे कार्यक्षमता साधते, हे वाक्य बाजारात कोणीही ऐकवील. कोणत्या अटींवर साधते आणि त्यांतील एखादी अट निखळली तर काय होते, हे सांगण्यासाठी मात्र शास्त्र लागते.

ज्या पुरुषाचे नाव त्या संस्थेला दिले आहे, त्याने याच रीतीने विचार केला होता. डॉ. आंबेडकरांचा भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंध १९१८ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यात त्या काळी जमिनींच्या तुकडेबंदीची चर्चा चालू होती. कीटिंग यांच्यासारखे अधिकारी आणि पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करणारे हॅरॉल्ड मान यांनी किफायतशीर शेतीची व्याख्या कुटुंबाच्या निर्वाहावरून केली होती. ज्या जमिनीवर कुटुंबाचे पोट भरते ती किफायतशीर, असा तिचा आशय होता. आंबेडकरांनी या व्याख्येच्या मुळावरच बोट ठेवले. शेती हा उत्पादनाचा व्यवसाय आहे, तेव्हा तिची किफायत उपभोगाच्या मापाने मोजता येणार नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे परस्परांशी प्रमाण काय आहे, यावरून ती ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या युक्तिवादाचा शेवट मोठा मार्मिक आहे. शेतकऱ्यापाशी बैल, नांगर आणि अवजारे इतकी अपुरी आहेत की त्या मानाने त्याची जमीन लहान नसून मोठीच ठरते, आणि केवळ तुकडे जोडून ती आणखी मोठी केल्याने दुखणे बरे होणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शेतीवर साचलेल्या जादा श्रमाला अन्यत्र काम मिळावे यासाठी औद्योगिकीकरण हा त्यांनी सुचविलेला उपाय होता.

सीमान्त उत्पादन आणि घटकांचे प्रमाण ही तत्त्वे त्या वेळी नवी नव्हती. आंबेडकरांनी नवे केले ते एवढेच की, सर्वांनी गृहीत धरलेली गोष्ट उचलून त्यांनी तिच्या अटी तपासल्या. तीच पद्धत घेऊन रामनगरच्या बाजारात जाणे उचित होईल.

रेशीमकोष ही चमत्कारिक वस्तू आहे. आतल्या कोशितावस्थेतील किडा थोड्याच दिवसांत पतंग होऊन कोष भेदतो, आणि भेदलेल्या कोषातून अखंड धागा निघत नाही. म्हणून कोष तयार झाल्यावर शेतकऱ्याला तो लौकर विकावाच लागतो. सौदा मोडला तर कोणाचे किती बिघडते, यावर वाटाघाटीतील प्रत्येकाचे बळ अवलंबून असते, हे नॅश यांनी १९५० साली दाखविले. थांबून राहण्याची ज्याला कमी शक्ती त्याच्या वाट्याला कमी येते, हे रुबिन्स्टाइन यांनी १९८२ साली गणिताने सिद्ध केले. कोष-उत्पादकाला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. व्यापारी दारात येऊन भाव सांगतो आणि शेतकऱ्याच्या हातात दिवस थोडे असतात, अशा व्यवहारात भाव कोणाच्या बाजूने झुकेल हे उघड आहे. तत्कालीन म्हैसूर राज्याने १९५९ साली कायदा करून कोषांची विक्री सरकारी बाजारात आणि परवानाधारक खरेदीदारांमध्ये व्हावी असे ठरविले. त्याचा आर्थिक अर्थ असा की, एकास एक अशी वाटाघाट बंद होऊन तिची जागा लिलावाने घेतली.

आता लिलाव म्हटला की प्रश्न येतो तो नियमांचा. बोली चढती असावी की उतरती? उघड असावी की बंद पाकिटातील? बंगळूरच्या परिसरात यांचे नमुने पाहावयास मिळतात. रामनगरच्या कोषांची परंपरागत बोली चढती आहे. हेब्बाळ येथील फुलांच्या आंतरराष्ट्रीय लिलावकेंद्राने हॉलंडची पद्धत स्वीकारली. तिच्यात घड्याळावरील किंमत वरून खाली उतरत जाते आणि जो प्रथम तिला थांबवितो त्याला माल मिळतो. शासकीय निविदांमध्ये बंद पाकिटे असतात. विल्यम विकरी यांनी १९६१ साली या पद्धतींची तुलना केली आणि एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला. काही अटी पाळल्या गेल्यास विक्रेत्याला या सर्व पद्धतींतून सरासरीने सारखेच उत्पन्न मिळते, असा तो होता.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका राशीसाठी दोन रीलर आले आहेत. प्रत्येकाच्या लेखी तिचे मूल्य शून्यापासून शंभर रुपयांपर्यंत काहीही असू शकते आणि प्रत्येक मूल्य सारखेच संभाव्य आहे. चढत्या बोलीत कमी मूल्य मानणारा जेथे थांबतो तेथे भाव ठरतो. त्याची सरासरी ३३ रुपये ३३ पैसे येते. बंद पाकिटात प्रत्येक रीलर आपले खरे मूल्य लिहीत नाही. या उदाहरणात हिशेबी रीलर त्याच्या निम्मी रक्कम लिहितो. वरच्या मूल्याची सरासरी ६६ रुपये ६७ पैसे असल्याने त्याची निम्मी रक्कम पुन्हा तेवढीच भरते. उतरत्या घड्याळापाशी उभा असलेला मनुष्यही हाच हिशेब करतो. पद्धती बदलल्या, उत्पन्न बदलले नाही.

पाठांतरावर भिस्त ठेवणारा विद्यार्थी येथेच थांबतो आणि लिलावाच्या पद्धतीने काही फरक पडत नाही असे लिहून मोकळा होतो. विचार करणारा विद्यार्थी येथून आरंभ करतो. विकरी यांच्या अटी कोणत्या? प्रत्येकाचे मूल्य स्वतंत्र असावे, सर्व खरेदीदार सारख्या स्थितीतले असावेत, कोणी जोखमीला भिणारा नसावा, आणि कोणी आपसांत संगनमत करू नये. या अटी घेऊन तो बाजारात गेला की, त्याला त्या एकामागून एक डळमळताना दिसतात.

मूल्याचेच पाहा. रीलर मूठभर कोष उचलतो, दाबून पाहतो, कानाशी हलवून पाहतो. एक किलो कच्चे रेशीम काढण्यास किती किलो कोष लागतील याचा तो अंदाज बांधतो. व्यवसायात या प्रमाणाला ‘रेंडिटा’ म्हणतात, आणि तो जितका कमी तितका माल चांगला. पण खरा रेंडिटा कोष उकळत्या पाण्यात जाऊन धागा निघाल्यावरच कळतो. म्हणजे राशीचे मूल्य प्रत्येकाचे स्वतंत्र नाही. सर्वांना सारखेच अज्ञात असे एक मूल्य आहे आणि प्रत्येक जण त्याचा अंदाज करीत आहे. अशा लिलावात ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला त्यालाच माल मिळतो आणि पुष्कळदा तो पस्तावतो. शास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात. अनुभवी रीलर हा शाप ओळखून असतो, म्हणून तो हात राखून बोली करतो. त्याच्या या सावधगिरीची किंमत उत्तम कोष आणणाऱ्या शेतकऱ्यालाही मोजावी लागते, कारण त्याचा उत्तमपणा सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. जॉर्ज अकरलॉफ यांचा माहितीच्या विषमतेवरील गाजलेला निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी ते भारतात राहून गेले होते आणि त्या निबंधात भारतातील उदाहरणेही आहेत, हे येथे आठवावे.

यावर उपाय काय, तेही सिद्धान्तच सांगतो. मिलग्रॉम आणि वेबर यांनी १९८२ साली असे दाखविले की, अंदाज एकमेकांशी निगडित असतील तेथे चढती, उघड बोली विक्रेत्याला सरासरीने अधिक लाभदायक ठरते, कारण दुसऱ्यांच्या बोलीवरून प्रत्येकाला मालाविषयी काही कळत जाते. त्याच न्यायाने, विश्वासार्ह परीक्षणाचे निकाल लिलावापूर्वी सर्वांपुढे ठेवणे विक्रेत्याच्या हिताचे असते. बाजाराच्या आवारात कोषपरीक्षणाची सोय असावी की नसावी हा प्रश्न केवळ प्रशासनाच्या सोयीचा नाही, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरी अट संगनमताची. चार रीलरांच्या मनात एका राशीचा किलोचा भाव अनुक्रमे ५००, ४८०, ४६० आणि ४३० रुपये आहे असे धरू. चढत्या बोलीत भाव ४८० च्या आसपास थांबेल. पहिल्या दोघांनी आदल्या संध्याकाळी चहा घेता घेता समजूत केली असेल, तर तो ४६० वर थांबेल. प्रत्येक किलोमागचे वीस रुपये कोठे गेले, हे कोणत्याही नोंदवहीत दिसणार नाही. तिसरी गोष्ट रोकडीची. रीलर हा बहुधा लहान भांडवलाचा मनुष्य असतो. राशीचे मूल्य ५०० रुपये आहे हे ठाऊक असूनही खिशात पैसे नसतील, तर त्याची बोली लौकर थांबते. तेव्हा शेतकऱ्याला मिळणारा भाव काही अंशी रीलरच्या पतपुरवठ्यावर ठरतो. शेतकऱ्याचा कैवार घेणाऱ्याने रीलरला शत्रू मानण्यापूर्वी याचा विचार करावा.

मग शासनाने काय करावे? किमान भाव ठरवावा, की खरेदीदार वाढवावेत? मघाच्या दोन रीलरांच्या उदाहरणात विक्रेत्याने ५० रुपयांची राखीव किंमत ठेवली, तर त्याचे सरासरी उत्पन्न ३३ रुपये ३३ पैशांवरून ४१ रुपये ६७ पैशांवर जाते. त्या उदाहरणात याहून चांगली राखीव किंमत नाही. आता राखीव किंमत काढून टाकून केवळ तिसरा रीलर आणला, तर सरासरी उत्पन्न ५० रुपये होते. ब्यूलो आणि क्लेंपरर यांनी १९९६ साली याचे व्यापक प्रमेय सिद्ध केले. नेमकी राखीव किंमत ठरविण्याच्या साऱ्या चातुर्यापेक्षा एक जादा, खराखुरा स्पर्धक अधिक मोलाचा असतो, हे त्याचे तात्पर्य. यालाही अटी आहेत. नवागत रीलर जुन्यांसारखाच समर्थ हवा, आणि तो त्यांच्या चहाच्या बैठकीत सामील झालेला नसावा.

सिद्धान्त असा अटींसह वाचला म्हणजे प्रत्यक्ष अनुभवाचा अर्थ लागू लागतो. कर्नाटकाने २०१४ पासून कृषी बाजार समित्या संगणकाद्वारे एकत्र जोडण्यास आरंभ केला, जेणेकरून दूरच्या व्यापाऱ्यालाही बोली करता यावी. रेट्सेफ लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या सुधारणेचे फळ मोजले आहे. भाताचा प्रचलित भाव सरासरीने ५.१ टक्के, भुईमुगाचा ३.६ टक्के आणि मक्याचा ३.५ टक्के वाढला. कापूस, मूग आणि तूर यांच्या भावांवर मात्र निश्चित म्हणता येईल असा परिणाम आढळला नाही. यंत्रणा एकच, नियम एकच, राज्य एकच. तरीही भात पिकविणाऱ्याच्या पदरी काही पडले आणि तूर पिकविणाऱ्याच्या पदरी पडले नाही. संशोधकांनी यामागील कारणांचा शोध वाहतुकीच्या अडचणी, खरेदीदारांचे केंद्रीकरण, बोलीची आणि भाव ठरण्याची रीत यांत घेतला. अर्थात अटींतच घेतला.

पाच टक्के ही वाढ शहरातील वाचकाला किरकोळ वाटेल. तथापि शेतकऱ्याचा नफा मुळात इतका पातळ असतो की, भावातील अशा अल्प वाढीने त्याच्या हाती उरणारी रक्कम कितीतरी पटींनी बदलू शकते. खर्च वजा जाता शंभरातले पाच रुपये ज्याच्या हाती राहतात, त्याला पाच टक्के अधिक भाव मिळाला तर त्याचा नफा दुप्पट होतो.

याच शहरात मुख्यालय असलेल्या कॉफी मंडळाचा इतिहासही हेच सांगतो. १९४२ च्या कायद्यानुसार मळेवाल्याला आपले पीक मंडळाच्या सामाईक साठ्यात द्यावे लागे. मंडळ त्याचा लिलाव करी आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. भाव कोसळण्याच्या भीतीपासून त्यामुळे संरक्षण मिळाले, पण आपल्या मालाच्या विक्रीवर उत्पादकाचा हात राहिला नाही. १९९२ ते १९९६ या काळात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने उठविण्यात आली. मुक्त विक्रीबरोबर जागतिक भावांचे चढउतारही थेट मळ्याच्या दारी आले. कोणती व्यवस्था चांगली, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. जोखीम कोण सोसतो, माहिती कोणापाशी आहे आणि थांबण्याची शक्ती कोणाला आहे, एवढे विचारल्यावर उत्तराची दिशा दिसू लागते.

या सर्वांवरून अभ्यासाची एक रीत सुचते. प्रमेय समोर आले की त्याची सिद्धता स्वतः करावी. तेथे गणिताला पर्याय नाही, आणि गणिताची भीती ही सरावाने जाणारी गोष्ट आहे. मग प्रत्येक अट एकेक करून काढून टाकावी आणि निष्कर्ष उभा राहतो की कोसळतो ते पाहावे. त्यानंतर वही मिटून बाजारात जावे आणि ती अट तेथे नांदते काय याचा शोध घ्यावा. शेवटी जे उमगले ते आपल्या मातृभाषेत, समीकरणाशिवाय, ज्याचा त्या बाजाराशी संबंध आहे अशा माणसाला सांगून पाहावे. कन्नड असो वा मराठी, ज्या भाषेत शेतकरी भाव विचारतो त्या भाषेत लिलावाचे प्रमेय सांगता आले नाही, तर ते अजून नीट समजलेले नाही असे मानण्यास हरकत नाही.

जालन्याचा किंवा बीडचा एखादा विद्यार्थी आज बंगळूरला अर्थशास्त्र शिकावयास येत असेल, तर काही वर्षांपूर्वी त्याच्याच गावचा एखादा शेतकरी कोष घेऊन याच बाजूला आला असण्याचा संभव आहे. त्या शेतकऱ्यापाशी माल होता, पण बोलीचा नियम कोणी आणि का ठरविला हे विचारण्याचे साधन नव्हते. विद्यार्थ्यापाशी ते साधन आहे. पदवी घेऊन तो बँकेत जाईल, शासनात जाईल, वा वर्गात उभा राहून शिकवील. कोठेतरी एक दिवस त्याच्यासमोर एखाद्या बाजाराच्या नियमांचा मसुदा येईल आणि त्यावर त्याचे मत विचारले जाईल. मसुद्याच्या आरंभी अटी बहुधा लिहिलेल्या नसतील. त्या त्याला शोधून काढाव्या लागतील, आणि त्यांतील कोणती अट रामनगरला किंवा जालन्याला टिकणार नाही हे निर्भीडपणे सांगावे लागेल. त्या दिवसाची तयारी म्हणून या शास्त्राचा अभ्यास व्हावा.